प्राणवायूचा पिंजरा

मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात कॅनरी पक्ष्याचा एक पिंजरा जपून ठेवला आहे. घरात टांगायच्या पिंजऱ्याशी त्याचे फारसे साम्य नाही. आतला पक्षी बाहेरून नीट दिसावा अशी ती एक छोटी पेटी आहे. तिच्या दर्शनी बाजूला जाळी लावलेले गोल तोंड, त्यावर घट्ट बसणारे झाकण, आणि वर मुठीच्या जागी प्राणवायूचे नळकांडे. पिंजरा खाणीत नेताना झाकण उघडे असे, त्यामुळे भोवतालची हवा जाळीतून आत जाई. पक्षी डुलू लागला किंवा दांडीवरून खाली पडला की झाकण लावायचे आणि नळकांड्याची चावी फिरवायची. पेटीत प्राणवायू भरे आणि बहुतेक वेळा पक्षी पुन्हा उठून बसे. खाणीतल्या कॅनरीची जी गोष्ट आपण ऐकत आलो ती बळीची असते: पक्षी मेला म्हणून माणसे वाचली. हा पिंजरा वेगळे सांगतो. पक्ष्याने धोका दाखवावा आणि त्यानेही जगावे, अशी योजना त्यात केलेली होती. मला वाटते, या इतिहासातून जगाने अर्धाच भाग उचलला. पक्षी इशारा देतो, एवढे लोकांच्या लक्षात राहिले. त्याच्याकडे बघत राहणे हे कोणाचे तरी ठरलेले काम होते आणि त्याच्या सुटकेची तयारी आधीच करून ठेवलेली होती, हे मागे पडले. त्या विसराची किंमत पुढे खाणीत नव्हे, घराघरांतल्या पिंजऱ्यांत मोजावी लागली.

सुरुवात साऊथ वेल्समधून करावी लागते. 27 जानेवारी 1896 रोजी ऱ्होंडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत स्फोट झाला आणि 57 माणसे मेली. मृतांची तपासणी करायला जॉन स्कॉट हाल्डेन हा शरीरशास्त्रज्ञ तिथे गेला. खाणीत स्फोट झाला म्हणजे माणसे आगीने किंवा दणक्याने मरतात, असा तोवर सर्वसाधारण समज होता. हाल्डेनला बहुतेक प्रेतांवर तशा घातक जखमा आढळल्या नाहीत. उलट त्यांची कातडी गुलाबी, जिवंत माणसासारखी दिसत होती आणि रक्त लालभडक होते. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण होती. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. स्फोटातून वाचलेली माणसे बाहेरच्या वाटेला लागली होती आणि चालता चालता याच वायूने कोसळली होती. त्याच्या आदल्याच वर्षी हाल्डेनने हा वायू स्वतःच्या छातीत भरून घेऊन त्याचे परिणाम नोंदवले होते. त्या प्रयोगांत शेजारी उंदीर ठेवलेला असे, आणि माणसाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी उंदीर लोळत असे. खाणीत लहान, उष्ण रक्ताचा प्राणी सोबत न्यावा, ही त्याची सूचना या निरीक्षणातून आली. (त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात आला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. भारतीय वाचकांना त्याचेच नाव अधिक ओळखीचे आहे.)

उंदराच्या जागी पक्षी आला, त्याला पक्की कारणे आहेत. जेमतेम वीस ग्रॅम वजनाच्या कॅनरीच्या शरीरातला जाळ मोठा असतो. हृदय आणि श्वास दोन्ही वेगाने चालतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या श्वसनाच्या रचनेत आहे. आपल्या फुप्फुसात हवा आत जाते आणि त्याच वाटेने बाहेर येते, त्यामुळे नव्या हवेत जुनी हवा नेहमी मिसळलेली राहते. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. रक्त आणि हवा यांच्यामधला पडदाही फार पातळ असतो. उंच आकाशात, विरळ हवेत पंख मारत राहायला ही रचना उपयोगी पडते. हवेतला प्राणवायू तिला जितक्या कार्यक्षमतेने ओढून घेता येतो, तितक्याच कार्यक्षमतेने ती विषही ओढून घेते. अमेरिकेत 1910 मध्ये खाणींसाठी सरकारी खाते निघाल्यावर तिथल्या जॉर्ज बरेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदीर, कबुतरे, गिनीपिग, ससे, कॅनरी असे अनेक प्राणी कार्बन मोनॉक्साइडमध्ये ठेवून पाहिले आणि कॅनरीला पहिली पसंती दिली. त्यांच्या निवडीत एक व्यावहारिक शहाणपण होते. उंदीर विषाने मलूल झाला तरी तो नुसता कोपऱ्यात निजला आहे असे वाटू शकते. दांडीवरून पडलेल्या पक्ष्याबद्दल तशी शंका येत नाही.

लोकांच्या कल्पनेत प्रत्येक खाणकामगार रोज खांद्याला पिंजरा अडकवून खाली उतरतो. वस्तुतः पक्ष्याचे मुख्य काम स्फोटानंतर किंवा आगीनंतर होते. बचाव पथक जेव्हा हवेबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या बोगद्यात शिरे, तेव्हा पिंजरा त्यांच्या हातात असे. ब्रिटनमध्ये 1911 च्या कोळसाखाण कायद्याच्या सुमारास ही पद्धत रूढ झाली आणि पुढे पाऊणशे वर्षे टिकली. भारतातल्या खाणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही याच कामासाठी कॅनरीच्या जोडीला आपल्या मुनियाचे नाव येते. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर भुयारे खणणाऱ्या सैनिकांनीही पक्षी आणि उंदीर जवळ बाळगले. एडिंबरा किल्ल्यातल्या स्कॉटिश युद्धस्मारकात त्यांची शिल्पे कोरलेली आहेत. 30 डिसेंबर 1986 रोजी ब्रिटिश सरकारने खाणींतले कॅनरी काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा दोनशेहून अधिक पक्षी कामावर होते, एका खाणीवर दोन या हिशोबाने. कामगारांना त्याचे वाईट वाटले. ते या पक्ष्यांशी शीळ घालून बोलत असत आणि घरच्यासारखे त्यांना जपत असत.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या पक्ष्याला माणसाने आपल्या सोयीसाठी विषारी हवेत नेले, त्याच्या लाडाची वर्णने कशाला करायची? प्राणवायूचे नळकांडे दयेपोटी लावले असेल कशावरून? तोच पक्षी पुन्हा वापरता यावा, एवढाच हिशोब त्यामागे असेल. मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. कॅनरी हे खाणीत हत्यारच होते, आणि माणसाचा जीव त्याच्या जिवापेक्षा मोलाचा धरला गेला हे उघड आहे. पण माझा मुद्दा खाणकामगारांच्या भावनेवर उभा नाही, त्यांच्या व्यवस्थेवर उभा आहे. पक्षी कुठे असेल, त्याच्याकडे कोण बघेल, तो पडला तर पुढच्या क्षणी काय करायचे, हे सगळे त्या व्यवस्थेत आधीच ठरलेले होते. हेतू हिशोबाचा असो की मायेचा, त्यामुळे पक्षी जगत होता. आता याच काळात, याच जातीचा पक्षी घरांमध्ये कसा राहत होता ते पाहिले की फरक कळतो.

कॅनरी हा मूळचा अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवरचा. स्पॅनिशांनी तो युरोपात आणला, आणि गाण्यासाठी त्याची पैदास करण्यात जर्मनीतल्या हार्त्झ डोंगरातल्या खाणवस्त्या पुढे आल्या. म्हणजे खाणीत हत्यार होण्याच्या कितीतरी आधी तो खाणकामगाराच्या घरातला गाणारा सोबती होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत कॅनरीचा पिंजरा आला, आणि त्याच दिवाणखान्यांत गॅसचे दिवेही आले. हा गॅस कोळसा तापवून काढलेला असे आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे होते. जळताना त्याची उष्ण, मळकी हवा छताकडे चढे. पिंजराही मांजरीच्या भीतीने आणि शोभेसाठी उंचच टांगलेला असे. पक्षिपालनाच्या त्या काळच्या पुस्तकांत, गॅस जळतो त्या खोलीत पिंजरा छताजवळ टांगू नये, असा सल्ला दिलेला सापडतो. म्हणजे अनुभवाने काही लोकांना हे कळलेले होते. पण तो सल्ला पुस्तकातच राहिला. घरात रात्री पिंजऱ्याकडे बघत बसणारा कोणी नव्हता, आणि सकाळी पक्षी तळाशी मेलेला दिसला की थंडी, झुळूक, नाहीतर म्हातारपण यावर दोष जाई. खाणीतल्या कॅनरीचे पडणे ही बातमी होती. घरातल्या कॅनरीचे पडणे ही केवळ दुःखाची गोष्ट राहिली, आणि तिच्यातून कोणी काही वाचले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशाच्या गॅसची जागा नैसर्गिक वायूने घेतली. तोवर घरात दुसरी एक वस्तू शिरली होती. 6 एप्रिल 1938 रोजी न्यू जर्सीतल्या ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट याला एका नळकांड्यात पांढरी, निसरडी भुकटी मिळाली. हेच पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे टेफ्लॉन. फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार याने ते ॲल्युमिनियमच्या तव्यावर बसवले आणि 1956 मध्ये टेफाल ही कंपनी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत असे तवे अमेरिकेतही विक्रीला आले. आपल्याकडे 1968 मध्ये औरंगाबादेत निर्लेप ही कंपनी सुरू झाली आणि नॉनस्टिक तवा हळूहळू मराठी स्वयंपाकघरात रुळला. कमी तेलात डोसे, धिरडी, थालीपीठ, घासायला सोपा: त्याचे गुण खरे आहेत आणि मला ते नाकारायचे नाहीत. पण साधारण 260 अंश सेल्सियसच्या पुढे टेफ्लॉनचा हा थर खराब होऊ लागतो, आणि आणखी तापला तर त्यातून अतिसूक्ष्म कण आणि विषारी वायू सुटतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर काही मिनिटांतच तो या पातळीच्या पार जातो.

हे नव्याने उघडकीला आले असे कोणी म्हणू नये. कारखान्यांत या पदार्थाच्या धुराने कामगारांना ताप येतो, अंग दुखते, थंडी वाजते आणि एक-दोन दिवसांत ते बरे होतात, हे ‘लॅन्सेट’मध्ये 1951 सालीच छापून आले होते, म्हणजे तवा बाजारात येण्याच्याही आधी. माणसाला ज्याने फ्लूसारखा ताप येतो, त्याने पक्ष्याच्या फुप्फुसात रक्तस्राव होऊन तो मरतो. 1973 मध्ये अशा तव्यांचा धूर लाव्यांवर आणि छोट्या पोपटांवर तपासला गेला. 1982 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संशोधनपत्रिकेत बजरीगारांच्या मृत्यूंचा तपशीलवार अभ्यास आला, एका भागात लक्षणे आणि दुसऱ्यात ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. 2000 मध्ये छापलेल्या एका नोंदीप्रमाणे अमेरिकेतल्या मिसुरीत कोंबडीच्या पिल्लांच्या खोलीत उबेसाठी लावलेल्या दिव्यांवर हाच थर होता, आणि तीन दिवसांत निम्म्याहून अधिक पिल्ले मेली. तिथे ना तवा होता ना स्वयंपाक. ज्या वस्तूवर हा थर आहे आणि जी तापते, ती प्रत्येक वस्तू या यादीत येते: इस्त्रीचा तळ, केसांची यंत्रे, एअर फ्रायर.

आणि इथे खाणीची उपमा मोडते. ती मोडते हे ओळखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कार्बन मोनॉक्साइड रक्ताला धरतो. शुद्ध हवा किंवा प्राणवायू मिळाला की रक्त त्याला सोडते, म्हणून प्राणवायूच्या त्या पिंजऱ्यात पक्षी उठून बसे. तव्याच्या धुराने फुप्फुसाची ऊतीच जळते, तिथे पाणी आणि रक्त साठते. पक्षी धापा टाकू लागलेला दिसला तोवर बहुधा उशीर झालेला असतो, आणि नळकांड्याची चावी फिरवून तो उठत नाही. म्हणजे खाणीत पक्षी इशारा देऊन वाचू शकत होता. स्वयंपाकघरात त्याचा इशारा आणि त्याचा मृत्यू एकाच वेळी येतात. ‘आमचा पक्षी ठीक आहे, म्हणजे घरातली हवा ठीक आहे’ असे समजून त्याला ओट्याजवळ टांगणारा माणूस खाणीच्या इतिहासातून नेमका चुकीचा धडा घेत असतो. बघत राहण्याची व्यवस्था इथे अपुरी पडते. व्यवस्था त्याच्या एक पाऊल आधी, धूर निघण्यापूर्वीच, लावावी लागते.

यावर तवे बनवणाऱ्यांच्या बाजूने एक जुना प्रतिवाद आहे. फार तापलेले तेल-लोणीही पक्ष्यांना मारते, मग एकट्या थरावर बोट का? प्रतिवादातले तथ्य खरे आहे. 1973 च्या प्रयोगांतही स्वयंपाकाच्या तेलांचा धूर तपासला होता आणि तोही निरुपद्रवी ठरला नाही. पण यातून थराची सुटका होत नाही, तेलाची गणती त्याच्या शेजारी होते. शिवाय दोघांत एक फरक आहे. बहुतेक तेले दोनशे ते सव्वादोनशे अंशांच्या आसपास धुरायला लागतात, डोळ्यांना झोंबतात, घरातला माणूस धावत येऊन गॅस बंद करतो. रिकामा तवा असे काही सांगत नाही. त्याचा धूर फारसा दिसत नाही आणि नाकालाही जेमतेम कळतो. दुसरा दिलासा दुकानात मिळतो: हल्लीच्या तव्यांवर ‘पीएफओए नाही’ असे छापलेले असते. पीएफओए हे थर बनवताना वापरले जाणारे सहायक रसायन होते आणि अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी 2015 पर्यंत ते सोडले, हे चांगलेच झाले. पण थर स्वतः तोच राहिला. तो अति तापला तर पक्ष्याला पूर्वीइतकाच घातक आहे. खोक्यावरचे ते शिक्केवजा वाक्य माणसासाठी आहे. पिंजऱ्यातल्या जिवाला त्याने काही मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक उत्तर हमखास ऐकू येते: आमच्या घरांना खिडक्या उघड्या असतात, हा थंड देशांतल्या बंद घरांचा प्रश्न आहे. वाडा, ओसरी, परसदार यांच्या काळात हे म्हणणे टिकले असते. आज मुंबई-पुण्याच्या एक बेडरूमच्या घरात स्वयंपाकाचा ओटा आणि हॉल यांच्यात अनेकदा दारही नसते, पावसाळ्यात खिडक्या लावलेल्या असतात, आणि पिंजरा त्याच हॉलच्या कोपऱ्यात असतो. देशी पोपट पाळायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, त्यामुळे क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांतून घरी येतात ते बहुतेक बजरीगार (यांनाच आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो), कॉकाटील आणि फिंच; म्हणजे छोट्या अंगाचे, वेगाने श्वास घेणारे पक्षी. आणि आपल्या घरातला धूर नुसत्या तव्याचा नसतो. संध्याकाळची उदबत्ती आणि धूप, आरतीचा कापूर, रात्रभर जळणारी डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, मिरचीची फोडणी. यांतले सगळेच तव्याइतके झटपट मारत नाहीत, आणि देवापुढची उदबत्ती बंद करा असे कोणाला सांगण्याचा माझा हेतू नाही. पण पक्ष्याच्या फुप्फुसात काय जाते हे पाहिल्यावर, देव्हारा आणि पिंजरा एकाच खोलीत असू नये एवढे म्हणायला पुरेसा आधार आहे.

जो पक्षी पाळतो तो त्याच्यावर प्रेम करतोच, मग नियम कशाला, असेही कोणी विचारील. गॅसच्या दिव्यांखाली कॅनरी टांगणाऱ्यांचेही प्रेम कमी नव्हते. पक्ष्याला मांजरीपासून वाचवण्यासाठीच त्यांनी तो उंच टांगला होता, आणि त्या उंचीनेच तो मेला. प्रेमाला धोका कुठून येतो याची माहिती हवी, आणि माहिती रोजच्या सवयीत उतरवायला नियम हवा. ज्या घरात पक्षी आहे तिथे ओट्यावर लोखंडी, बिडाचे किंवा स्टीलचे भांडे असावे. नॉनस्टिक ठेवायचाच असेल तर तो रिकामा आचेवर चढवू नये आणि आच मध्यम असावी. पिंजरा स्वयंपाकघरात नसावाच; आडोशाच्या खोलीत, मधले दार लावून, बाहेरची खिडकी उघडून ठेवावा. नवे उपकरण प्रथम तापवताना पक्षी घराच्या दुसऱ्या टोकाला असावा. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे यंत्र गॅस गीझर असलेल्या घरात माणसांसाठी जरूर लावावे, पण तव्याच्या धुराचा त्याला पत्ता लागत नाही, म्हणून पक्ष्याच्या बाबतीत त्यावर विसंबून राहता येत नाही.

नॉनस्टिक भांड्यांच्या अनेक माहितीपत्रकांत पक्षी स्वयंपाकघराबाहेर ठेवावेत अशी सूचना असते. म्हणजे बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ती सूचना बारीक टाइपात, इंग्रजीत, खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या कागदावर असते, आणि तो कागद खोक्याबरोबरच रद्दीत जातो. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या तव्याच्या खोक्यावर ती बाहेरच्या बाजूला, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला फार खर्च नाही. पक्षी विकणाऱ्या दुकानदारानेही पिंजरा, दाणे आणि पाण्याची वाटी देताना हीच चार वाक्ये गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावीत. खाणीत पिंजरा ज्याच्या हातात दिला जाई, त्याला झाकण कधी लावायचे आणि चावी कधी फिरवायची हे आधी शिकवलेले असे. घरी पिंजरा घेऊन जाणाऱ्याला असे अजून कोणी काही सांगत नाही.